दोघांनी ऑक्टोबरात माथेरान : सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

दसरा जवळ आला की ऑफिसातल्या मुली, मावसबहिणी, बिल्डिंगमधल्या वहिनी, सगळ्यांना एकदम आठवतं की मी आणि नवरा दर ऑक्टोबरला माथेरानला जातो. मग तेच तेच प्रश्न. दरवेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. आम्ही डोंबिवलीचे, त्यामुळे हिशोब सगळा लोकलचा आहे, गाडीवाल्यांसाठीपण थोडं लिहिलंय.

ऑक्टोबरच का? पावसाळ्यात जास्त छान असतं ना?

पावसाळ्यात छान असतं, पण पॉइंटवर उभं राहिलं की समोर नुसतं पांढरं, दरी कुठे आणि आपण कुठे काही कळत नाही, आणि शनिवार-रविवारी तर पोरांचे घोळके स्पीकर घेऊन येतात. ऑक्टोबरात खाली डोंबिवली-ठाण्यात उकाड्याने जीव जात असतो, ऑक्टोबर हीट म्हणतात ती, आणि वर साधारण आठशे मीटरवर, म्हणजे सव्वीसशे फुटांवर, रात्री पांघरूण लागतं. हवा धुतल्यासारखी असते. हिरवळ अजून टिकलेली असते, कड्यांवर सोनकीची पिवळी फुलं असतात, आणि संध्याकाळी समोरचा प्रबळगड इतका स्पष्ट दिसतो की त्याच्या घड्या मोजाव्यात.

पाऊस पूर्ण गेलेला असतोच असं नाही हां. पहिल्या पंधरवड्यात दुपारी तीन-चारला ढग भरून येतात, गडगडाट होतो आणि अर्धा तास धो धो. छत्री घ्याच.

नेमके कुठले दिवस?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि हाच कोणी विचारत नाही, सगळे डायरेक्ट हॉटेल विचारतात. दसरा झाला की दिवाळीपर्यंत जे दोन-अडीच आठवडे मधे मिळतात ना, त्यातला सोमवार ते गुरुवार. बस. ह्या दिवसांत अर्धी हॉटेलं रिकामी असतात, चहावाला तुमच्याशी गप्पा मारायला मोकळा असतो. दिवाळीत आणि विशेषतः भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात चुकूनसुद्धा जाऊ नका, गुजरातेतून कुटुंबच्या कुटुंबं येतात, रेट दुप्पट-तिप्पट होतात आणि बाजारातून चालताना घोड्याच्या शेपटीशी तोंड.

मधेच कोजागिरी येत असेल तर ती रात्र पकडा. एका वर्षी आम्ही घरून छोट्या बाटलीत दुधाचा मसाला नेला होता, हॉटेलच्या किचनमधल्या काकांना म्हटलं काका जरा अर्धा लिटर दूध आटवून द्याल का, त्यांनी काही न बोलता दोन स्टीलच्या ग्लासांत भरून दिलं. बाहेर कट्ट्यावर बसलो. झाडी इतकी दाट की चंद्र आधी दिसतच नव्हता, फक्त लाल मातीवर तुकडे तुकडे उजेड पडलेला, आणि दहाच्या सुमाराला तो एका जांभळाच्या झाडाच्या फांद्यांतून एकदम वर आला. नवरा तोपर्यंत पेंगत होता, ते सोडा.

कसं जायचं?

मुंबईकडून येत असाल तर कर्जत किंवा खोपोली लोकल, उतरायचं नेरळला. बदलापूर लोकलमध्ये बसलात तर बदलापूरलाच उतराल, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये, माझ्या एका मैत्रिणीने केलंय. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल पकडायची, मधे फक्त भिवपुरी रोड लागतं, पुढचं नेरळ.

नेरळ स्टेशनच्या बाहेर शेअर टॅक्सी उभ्या असतात, सीट भरल्या की सुटतात, घाट चढून दस्तुरी नाक्याला सोडतात. तुमची स्वतःची गाडी असली तरी तीही दस्तुरीलाच लावायची, तिथे पार्किंग आहे, पुढे गाडी जात नाही. म्हणजे जातच नाही, व्हीआयपी बिआयपी काही नाही. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केलं, त्याच्या आधीपासूनच गाड्यांना वर मनाई होती. अॅम्ब्युलन्स सोडली तर इंजिनाचा आवाज नाही. दस्तुरीला माणशी प्रवेश कर भरायचा, पावती जपून ठेवा, मोठी रक्कम नाहीये.

घाटाबद्दल एकच : वळणं फार आहेत आणि चढ भयंकर आहे. गाडी चालवायची नवीन हौस असेल तर ती इथे भागवू नका. टॅक्सीवाले रोज दहा वेळा करतात, त्यांना करू द्या.

टॉय ट्रेन असते का ऑक्टोबरात?

ह्यावरून भांडणं झालीयत लोकांची, म्हणून नीट सांगते. ट्रेन दोन प्रकारची समजा. एक नेरळहून थेट माथेरानपर्यंतची, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत जाणारी. ती पावसाळ्यात बंद असते आणि पंधरा ऑक्टोबरनंतर सुरू व्हायची पद्धत आहे, पण रूळ तपासणं, दरडी काढणं ह्यात लांबते. २०२४ मध्ये नोव्हेंबर उजाडला होता. २०१९ च्या पावसात तर ट्रॅक इतका वाहून गेला की ती पुन्हा धावायला २०२२ चा ऑक्टोबर लागला. त्यामुळे ऑक्टोबरची ट्रिप ह्या गाडीच्या भरवशावर ठरवू नका, मिळाली तर बोनस.

दुसरी म्हणजे अमन लॉज ते माथेरान शटल. ही पावसाळ्यातसुद्धा चालते, दस्तुरी नाक्यापासून अमन लॉज स्टेशन अगदी जवळ आहे, वीसेक मिनिटांत बाजारात. डबे कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे खिडकीवर लवकर उभं राहायचं.

आणि तो वन किस टनेल?

हाहा. हो, आहे. नेरळ-माथेरान मार्गावरचा एकमेव बोगदा, इतका छोटा की एक पापी घेईपर्यंत संपतो म्हणून ते नाव. आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी चालू होती, समोरच्या बाकावर एक आजोबा वाटाण्याएवढ्या डोळ्यांनी आमच्याकडेच बघत बसलेले, बोगदा आला कधी नि गेला कधी. नंतर कळलं की ते खिडकीबाहेरचं माकड बघत होते.

बाय द वे ही रेल्वे कोणी बांधली ते माहितीये का? सर आदमजी पीरभॉय म्हणून मुंबईतले मोठे उद्योजक होते, त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय ह्यांनी. १९०१ ला काम काढलं, १९०७ ला गाडी सुरू, सोळा लाख खर्च, पैसे वडलांचे. रूळांमधलं अंतर फक्त दोन फूट. एकवीस किलोमीटरच्या आसपास लाइन आहे आणि डोंगराला नुसते वळसे घालत चढते. पॅनोरमा पॉइंटवरून खाली बघितलं की हे वळसे दिसतात, तेव्हा कळतं काय डोकं लावलंय ते.

दस्तुरीपासून वर चालत जाता येतं का, की घोडा करावाच लागतो?

नाही करावा लागत!! दस्तुरीला उतरलात की चार-पाच जण घेरतील, मॅडम लांब आहे, साताठ किलोमीटर आहे, चढ आहे, ट्रेन बंद आहे, रिक्षा बंद आहे, सगळं बंद आहे. सुरुवातीच्या एका ट्रिपला आम्ही ह्याला बळी पडलो, दोन घोडे केले, वर ओझ्याला एक माणूस, आणि वर पोचल्यावर बघतो तर आमच्या मागून निघालेलं साठीचं जोडपं चालत आमच्या पाचच मिनिटं नंतर आलं, गप्पा मारत. अडीच ते तीन किलोमीटर आहे फक्त. रुळांच्या कडेने सावलीतून वाट जाते, रमतगमत पाऊण तास. भाव बोर्डावर लिहिलेले असतात, ते वाचूनच बोलायचं.

घोडेवाले सगळे असेच असतात असं अजिबात नाही, हेही लिहिते. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचा पाय मुरगळला तेव्हा एका घोडेवाल्या दादांनी अर्ध्या वाटेवरून बाजारापर्यंत आणून सोडलं आणि ठरलेल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही.

सामान जड असेल तर हमाल करा, ई-रिक्षा मिळाली तर ती करा, त्या २०२२ च्या अखेरीपासून सुरू झाल्यात. हातरिक्षा, म्हणजे माणूस ओढतो ती, बंद करून त्या लोकांना ई-रिक्षा द्या असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलंय. मी तरी त्यात कधी बसू शकले नाही. एक माणूस पुढून ओढतोय, एक मागून ढकलतोय, चढावर त्यांचा श्वास ऐकू येतो, आणि आपण मधे पर्स धरून बसलेलो. नकोच ते.

लग्न झालेलं नाहीये, रूम देतात का?

अठरा वर्षांवरच्या दोघांना एका खोलीत राहायला मनाई करणारा कायदा भारतात नाही, मद्रास हायकोर्टाने २०१९ मध्ये हे स्पष्ट म्हटलंय. पण हॉटेलवाला स्वतःचे नियम लावतो, आणि माथेरानची बरीच हॉटेलं फॅमिली फॅमिली करणारी आहेत. म्हणून बुकिंगच्या आधी फोन करून सरळ विचारायचं, आमचं लग्न झालेलं नाही, दोघांचे आधार कार्ड आहेत, चालेल का. लाजायचं काय त्यात. हो म्हणाले तर त्यांच्याकडून मेसेजवर लिहून घ्या. माझ्या मावसबहिणीने हे केलं नाही आणि रात्री साडेआठला काउंटरवर उभी राहून वाद घालत होती.

दोघांचंही ओरिजनल ओळखपत्र लागतं, फोटो चालत नाही असं बऱ्याच ठिकाणी म्हणतात.

हॉटेल कुठलं घेऊ?

नाव नाही सांगणार, कारण मागे एकाला सांगितलं आणि त्याला आवडलं नाही तर तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बघायचं काय ते सांगते. बाजारात घेतलंत तर खाणंपिणं जवळ पण गोंगाट, आणि सकाळी सहाला शटर उघडायचा आवाज. बाजारापासून दहा-पंधरा मिनिटं आत, जुन्या बंगल्यांच्या बाजूला घेतलंत तर शांतता, पण रात्री जेवायला बाहेर पडायचं तर अंधारातून चालत. इथले बरेच जुने बंगले पारशी आणि इंग्रजांच्या वेळचे, मोठे व्हरांडे, कौलं, लाकडी आरामखुर्च्या. दोघांसाठी व्हरांडा हीच खरी गोष्ट, टीव्ही नि बाथटबचे पैसे देऊ नका.

'व्हॅली व्ह्यू' ह्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. एके वर्षी आम्ही त्यासाठी आठशे रुपये जास्त भरले आणि खिडकी उघडली तर समोर काळी सिंटेक्सची टाकी, तिच्यावर एक माकड. टाकीच्या पलीकडे दरी होती म्हणे. त्यानंतर मी फोनवर एवढंच सांगते, दादा त्या खोलीच्या खिडकीतून आत्ता एक फोटो काढून पाठवा.

जेवणासकट पॅकेज घेतलेलं बरं पडतं, पण वेळा कडक असतात, दुपारचं जेवण दीडला म्हणजे दीडला. आणि बऱ्याच ठिकाणी शुद्ध शाकाहारी, गुजराती-जैन. दोन दिवस गोड डाळ खाऊन नवरा तिसऱ्या दिवशी बाजारात ऑम्लेट-पाव शोधत फिरत होता.

खर्च साधारण?

आम्ही गेल्या वेळी सोमवार ते बुधवार, दोन रात्री, मध्यम हॉटेल, सगळी जेवणं धरून दोघांचे साडेनऊ हजार. लोकल, टॅक्सी, शटल, चिक्की, चपला मिळून अजून अडीच. दिवाळीत ह्याचं काय होतं ते वर लिहिलंय.

कॅश न्या. यूपीआय बाजारात चालतं पण नेटवर्क मधेच गुल होतं, आणि पॉइंटवरच्या लिंबूसरबतवाल्या मावशींसमोर फोन वर करून टॉवर शोधताना फार बावळट दिसतो आपण.

किती पॉइंट बघायचे? अडतीस आहेत ना?

असतील. घोडेवाल्यांकडे पॅकेज असतं, सात पॉइंट, बारा पॉइंट. कृपा करून घेऊ नका. प्रत्येक पॉइंटला पाच मिनिटं, फोटो, चला पुढे, आणि संध्याकाळी एकही आठवत नाही. सगळे पॉइंट म्हणजे शेवटी एकाच डोंगराच्या कडा आहेत.

आमचा कार्यक्रम सांगते. दुपारी पोचलो की जेवून झोप. हो, झोप, हॉलिडे आहे. चारच्या सुमाराला शार्लोट लेककडे. तलाव छोटाच आहे, माथेरानच्या पिण्याच्या पाण्याचा जुना साठा, त्यामुळे उतरायचं-पोहायचं नाही, काठावर पिसारनाथाचं देऊळ आहे, तिथे जरा टेकायचं. बांधावरून पाणी अजून थोडं थोडं सांडत असतं ह्या दिवसांत. तिथून एको पॉइंट, लुईसा पॉइंट जवळजवळ आहेत. लुईसावर कड्याच्या टोकाला बसलं की समोर प्रबळ, खाली हिरवीगार खाचरं, त्यांतला भात कापणीला आलेला असतो तेव्हा पिवळसर पट्टे दिसतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनोरमा. हा उत्तर टोकाला आहे, बाजारातून बराच लांब, जायला दीड तास धरा, पाचला तरी निघायला हवं. सूर्य वर येईपर्यंत खाली नेरळकडे धुकं कापसासारखं पसरलेलं असतं आणि हळूहळू फाटत जातं, आधी एखादी टेकडी, मग झाडांचे शेंडे, मग घरं. आम्ही तिथे दीड तास बसलो होतो, थर्मासमधला चहा संपला, पारले-जीचा पुडा संपला, आणि कोणी काही बोललं नाही. आमच्या घरात हे किती दुर्मिळ आहे ते नवऱ्याला विचारा.

संध्याकाळी पॉर्क्युपाइनला सूर्यास्त, तिथे गर्दी असते पण चालतं. जमलं तर दक्षिणेकडे वन ट्री हिल. नाही जमलं तर पुढच्या वर्षी.

रात्री फिरणं सेफ आहे का?

माणसांची भीती मला तरी कधी वाटली नाही. अंधाराची वाटते. ऑक्टोबरच्या मध्याला सव्वासहाला सूर्य बुडतो आणि दाट झाडीत पावणेसातला मिट्ट काळोख. एकदा लुईसाहून परत येताना आम्ही गप्पांच्या नादात चुकीचा फाटा घेतला, मोबाइल चार टक्के, टॉर्च हॉटेलवर. लाल वाट अंधारात दिसतच नाही, पायाखाली मुळं, आणि झाडावर काहीतरी धपकन उडी मारतंय. पाऊण तास फिरून त्याच बाकापाशी आलो. शेवटी घोड्याच्या टापा ऐकू आल्या, त्या आवाजाच्या दिशेने गेलो आणि रस्त्याला लागलो. त्यानंतर माझ्या पर्समध्ये टॉर्च कायमची, साप-बिपासाठीपण लागतेच. कठड्याच्या पलीकडे सेल्फीला जायचं नाही, पावसाने कडेची माती सुटलेली असते, हे नवऱ्यांना वेगळं सांगावं लागतं.

माकडं खूप त्रास देतात का?

हो. लाल तोंडाची चोर आहेत, काळ्या तोंडाची वानरं त्या मानाने सभ्य. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की संपलं, आत काय आहे ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आमची अर्धा किलो चिक्की स्टेशनच्या फलाटावर गेली, त्याने आमच्यासमोर बसून पुडा फोडला, एक तुकडा चाखला आणि बाकीची खाली फेकली. अपमान जास्त वाटला. खायचं सगळं सॅकमध्ये, चेन बंद. खोलीची खिडकी उघडी टाकून बाहेर जायचं नाही. आणि खायला घालू नका, त्यानेच तर सवय लागलीये.

काय काय न्यावं?

टॉर्च, छत्री, पातळ स्वेटर, ग्रिप असलेले जुने बूट, कॅश, ओळखपत्रं, थर्मास, ओडोमॉस. चाकांची मोठी बॅग नको, लाल मातीत आणि पेव्हर ब्लॉकवर चाकं निघून हातात येतात. पाठीवरच्या दोन सॅक पुरे.

बोअर नाही होत? तिथे करायला काय आहे?

हा प्रश्न दर वर्षी एक तरी मुलगी विचारतेच. काही नाहीये करायला, खरंच. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनी ही जागा हेरली तीसुद्धा उन्हापासून पळायलाच. पब नाही, मॉल नाही. हॉर्न नाही हे पहिल्या दिवशी कळतच नाही, फक्त काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात चहा घेताना लक्षात येतं की लांबच्या घोड्याच्या टापा ऐकू येतायत, कोणीतरी झाडलोट करतंय त्या खराट्याचा आवाज, पानांवरून पडणारं दव, आणि नवरा चहाचा भुरका मारतो तोही. चौथी गोष्ट डोंबिवलीतपण ऐकू येते, पण तिथे राग येतो.

ज्यांना दोन तासांच्या वर एकमेकांशी बोलायला विषय पुरत नाहीत त्यांनी पत्ते न्यावेत.

परत येताना काय आणायचं?

चिक्की, सॅकमध्ये. चामड्याच्या चपला बाजारात चांगल्या मिळतात, सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करा. मध खात्रीचा वाटला तरच.

लाल माती कपड्यांवरून जाते का?

नाही. व्हॅनिश, लिंबू, सोडा, सगळं करून झालंय. पांढरे सॉक्स मी २०१८ मध्ये नेले होते, ते आता आमच्याकडे पंखा पुसायला आहेत.